नाव काढलंस

सकाळी सोडलेली कमांड दुपार कलली तरी चालूच होती. काळ्या स्क्रीनवर आकडा सरकत होता. एक्याण्णव टक्के, ब्याण्णव टक्के. अक्षदाच्या मागे स्टुलावर तिचा दीपककाका बसला होता आणि तिच्या आईने, मालनने, दिलेला चहा आवाज करत पीत होता.

"होतंय ना नीट?" त्याने विचारलं.

"डेटा हलतोय," अक्षदा म्हणाली.

खोटं नव्हतं ते. हलतच होता. फक्त काकाच्या डिस्कमध्ये नव्हे, काकाच्या डिस्कमधून बाहेर.

भोईवाड्यातल्या त्या खोलीत टेबलावर चार हार्ड डिस्क मांडल्या होत्या. दोन जुन्या, अक्षदाच्या बाबांच्या, लवूच्या. तिसरी दीपकने आणून दिलेली, दणदणीत मोठी. चौथी अक्षदाने परवाच लॅमिंग्टन रोडवरून आणलेली. परळच्या हॉलमध्ये शक्ती-तुऱ्याच्या नाच-गाण्याची बारी लागली की लवू कॅमेरा घेऊन हजर असायचा. कितीतरी गेलेल्या शाहिरांचे आवाज आता त्याच्या शूटिंगमध्येच उरले होते. अक्षदाने सगळ्या डिस्क लिनक्सच्या मशीनवर जोडून त्यांचा मिळून एकच साठा केला होता. अशा साठ्यात नवी डिस्क घेता येते, जुनीतलं सामान दुसरीवर सरकवून ती बाहेर काढता येते, आणि तरी एक फाइल हरवत नाही.

"यात माझं पार्टिशन कुठलं?" दीपक स्क्रीनवर वाकला.

"पार्टिशन नाय काका. सगळ्यांची मिळून एकच जागा."

"म्हणजे एकत्र कुटुंब!" आपल्याच विनोदावर तो खो खो हसला.

त्याला हसू कसं आलं, त्याचं त्यालाच माहीत. त्याच्या पाठीशीच प्लायची भिंत होती. लवूचं तेरावं झालं आणि दुसऱ्याच दिवशी याने सुतार आणून ती ठोकली होती. खिडकी त्याच्या बाजूला गेली. मालनच्या बाजूला भर दुपारी ट्यूबलाइट लावावी लागते.

चौऱ्याण्णव टक्के. अक्षदाने खुर्ची वळवली.

"काका, खालचा बॅनर बघितला मी."

बॅनर सकाळीच चाळीच्या गेटवर चढला होता. उद्या लालबागच्या हॉलमध्ये, मोठ्या पडद्यावर, दीपकच्या यूट्यूब चॅनेलचं उद्घाटन होतं. छायाचित्रण दीपकचं, संकलन दीपकचं. लवूचं नाव कुठेच नव्हतं. दीपकने जन्मात कॅमेरा धरला नव्हता. भावाच्या मागे वायर धरून उभा राहायचा, तीसुद्धा कुरकुरत.

"उद्या पडद्यावर तरी बाबांचं नाव टाका. डिस्क आणून दिलीत तेव्हा तसंच ठरलं होतं आपलं."

अजून थांबवता येत होतं. तो हो म्हणाला असता तर तिने अख्खं मशीन उचलून स्वतः हॉलवर नेलं असतं.

"नाव टाकून काय होणार?" काकाने रिकामा कप खाली ठेवला. "पब्लिक विचारणार, हा लवू कोण? अगं, मेलेल्या माणसाच्या नावाने चॅनेल चालतं काय? डिस्क माझी, चॅनेल माझं. तुला सकाळीच सांगितलं ना, माझी डिस्क मोकळी करून दे, उद्या सगळं शूटिंग हॉलवर न्यायचंय म्हणून? ह्या बारक्या राहू देत तुम्हाला. आठवण म्हणून."

मालन ओट्याशी बशी पुसत होती. तिचा हात थांबला.

"हा लवू कोण," ती हळूच म्हणाली. विचारल्यासारखं नव्हे, पाठ केल्यासारखं.

अक्षदा परत स्क्रीनकडे वळली. शंभर टक्के झाल्यावर तिने आणखी दोन कमांड दिल्या, साठ्यातून काकाच्या डिस्कचं नाव काढून टाकलं, केबल ओढली आणि डिस्क त्याच्या हातात ठेवली. वजनात काही फरक पडला नव्हता.

"नाव काढलंस, अक्षदा!" काकाने तिच्या पाठीवर थाप मारली.

"हो काका," ती म्हणाली. "आत्ताच काढलं."

तो बाहेर पडला. पलीकडचं दार उघडल्याचा, मग चपला भिरकावल्याचा आवाज प्लायमधून ऐकू आला. अक्षदाने एक जुना व्हिडिओ लावला. ढोलकी सुरू झाली, पाठोपाठ घुंगरं.

"आवाज वाढव," मालन म्हणाली.

"किती?"

"खिडकीपर्यंत जाऊ दे."

अक्षदाने तो होता तेवढा वाढवला. प्लाय थरथरायला लागला. पलीकडे धावती पावलं, आणि दीपक दारात उभा. डिस्क अजून हातातच होती.

"हे कुठून वाजतंय? सगळं तर माझ्याकडे..."

मालन उंबऱ्यात आडवी उभी राहिली. लग्न होऊन या घरात आल्यापासून ती दिराशी इतकी मान ताठ करून बोलली नव्हती.

"डिस्क मोकळी करून मागितलीत ना, भावजी? मोकळीच दिलीय. घरी नेऊन बघा. आत काय पण नाय."

तिच्या खांद्यावरून दीपक स्क्रीनकडे बघत राहिला. तिथे तोच होता, पोरसवदा, खांद्यावर वायरचं भेंडोळं घेऊन नाचाच्या बरोब्बर पुढे उभा, कॅमेऱ्यात बघून दात काढत. आणि जो कुठल्याच व्हिडिओत कधी दिसला नाही, तो लवू कॅमेऱ्यामागून खच्चून ओरडला,

"दीप्या, मधनं सरक रे! तुझं तोंड बघायला आलेत काय लोक?"