मिरवणूक दारावरनं जाणार

झुंबरबाईंनी ओली चादर पिळली आणि खिडकीच्या फटीत कोंबली.

"कोण जिंकलं?" हंबीररावांनी विचारलं. तेवढ्यानंही त्यांना धाप लागली.

"मला काय म्हाईत? मोबाईल पिठाच्या डब्यामागं टाकलाय. तुमी गप श्वास घ्या."

शिरोलीच्या फौंड्रीत, लोखंडाच्या ओतकामाच्या धुळीत जन्म गेला आणि हंबीररावांची फुप्फुसं पार निकामी झाली. खाटेशेजारचं ऑक्सिजनचं मशीन सदा घुरघुरायचं. नाकातली नळी स्वयंपाकघरापर्यंत पोचायची, तेवढंच त्यांचं जग. मागच्या फुटबॉल फायनलनंतर गल्लीत फटाक्यांच्या माळा लागल्या, तेव्हा धुरानं ते थेट व्हेंटिलेटरवर गेले होते. पुन्हा असं झालं तर माणूस घरी यायचा नाही, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं.

आज पुन्हा फायनल होती. जिंको कुणीही, मिरवणूक शिवाजी पेठेतल्या याच गल्लीतनं जाणार.

"आपली पोरं... जिंकली तर सांभाळतील," हंबीरराव म्हणाले. "केरबाची जिंकली, तर माळ... आपल्याच दारात. लावू दे की. हक्क हाय त्याचा."

केरबा पलीकडच्या तालमीचा; कोल्हापुरात फुटबॉलचे संघ तालमींचेच. तरुणपणी तो गोलकडं धावत असताना हंबीररावांनी बॉल सोडून त्याच्या पायावरच लाथ घातली होती. केरबा अजून लंगडतो. तेव्हापासून दोघांत शब्द नाही. कोल्हापूरकर एक वेळ बांधाचं भांडण मिटवेल, फुटबॉलचं नाही.

हलगी ऐकू आली. जवळ येत गेली. झुंबरबाईंनी मशीनवर हात ठेवला. हंबीररावांनी डोळे मिटले.

गल्लीच्या तोंडाशी हलगी थांबली.

फटाका वाजला नाही. शिट्टी नाही, आरोळी नाही. नुसता पावलांचा आवाज, देवळात शिरताना होतो तसा. जिंकलेली पोरं गप चालतात, हे कुणी शपथेवर सांगितलं असतं तरी झुंबरबाईंना पटलं नसतं.

"आपलीच जिंकली!" हंबीररावांच्या डोळ्यांत पाणी आलं. "माझ्यासाठनं गं... गुणाची पोरं."

"व्हय की. बघा तरी."

झुंबरबाईंनी काच पुसली, त्यांना धरून उभं केलं.

गुलालाची पोती बांधलेलीच होती. पोरांनी चपला हातात घेतल्या होत्या. आणि सगळ्यांच्या पुढं, कप काखेत मारून, ओठांवर बोट ठेवून, केरबा लंगडत चालला होता.