भालेराव कोण?
पटणार नाय तुमाला, पण आमच्या शाळेची घंटा एकदा निव्वळ भीतीनं वाजली! निवडणुकीचे दिवस. मी शिपाई, लेक तिथंच शिक्षिका, तिला नोकरीत कायम व्हायला महिना उरलेला. मी घंटेपाशी हातोडी उगारून उभा, तेवढ्यात मुख्याध्यापक ऑर्कुटवरचा मजकूर छापून घेऊन आले. त्यात आमदाराला झोडपलेलं. लिहिणाऱ्याचं नाव नुसतं ‘भालेराव’, आणि शाळेत भालेराव आम्ही दोघंच. “संस्थेच्या माणसानं कुठल्याच पक्षाबद्दल बोलायचं नाही. लिहिणारा उद्यापासून घरी. कोण हा भालेराव? तू, का तुझी मुलगी?” माझा हात असा लटपटला, की घंटा घणघणली आणि चारशे पोरं थेट मुरबाडच्या एसटीत जाऊन बसली! मी म्हटलं, “सर, मीच लिहिलं.” माझी ही गोष्ट ऐकत घरी बसलेले पाहुणे हसले. आता कायम झालेली लेक मात्र म्हणाली, “घंटा खरी, बाबा. खोटं पुढचं. कॉम्प्युटरला कधी हात लावलात तुमी? ते मी लिहिलेलं.”