दुबईचा व्हिडिओ गेम

धम्मपालनं शेवटचा स्क्रू काढला, व्हिडिओ गेमचं झाकण उचललं आणि तो थबकला.

"आत काहीतरी सांडलंय," तो म्हणाला. "पाणी पडलं होतं का भाऊ याच्यावर?"

"न्हाई बा. पाणी कशाला पडंल?" गादीवर बसलेला बन्सीधर म्हणाला आणि त्याची नजर मधल्या दाराकडे गेली. दाराशी त्याची माय, सरजाबाई, वाती वळत बसली होती. तिचे हात थांबले होते.

पाणी पडलं नव्हतं, हे खरंच. पण खरं तेवढंच.

दुबईच्या मेव्हण्यानं आणलेला हा गेम सेलूतल्या एकाही टीव्हीवर लागत नव्हता. नुसत्या मुंग्या. टीव्ही दुरुस्तीवाल्यांनी हात टेकले, तेव्हा कुणीतरी भीमनगरातल्या धम्मपालचं नाव सांगितलं. दिवसा कापसाच्या जिनिंगवर कामाला आणि उरलेल्या वेळात असल्या मशिनींचा नाद. सुट्टीच्या दिवशी तो आला, सकाळपासून मान मोडून बसला, आतली जोडणी बदलली आणि दिवेलागणीला पडद्यावर एक छोटं बाहुलं टुणकन उडी मारायला लागलं. घरभर आनंदीआनंद! पैसे द्यायला गेलं तर घेईना.

"हैदराबादला एक जण हायेत, परभणीत दोघं हायेत," तो म्हणाला होता. "ज्याला जे सापडतंय ते तो बाकीच्यायला कागदावर काढून धाडतोय. मला त्यायनं फुकट शिकवलं, मग मी तुमच्याकून काय घेऊ?" मग गेमचा रिमोट हातात घेऊन तो बन्सीधरसोबत दोन डाव खेळला. हरला तेव्हा केवढा हसला!

दुसऱ्या दिवशी बन्सीधर मोंढ्यात सांगत सुटला. विद्यापीठाच्या नामांतरावरून तिथं दोन तट पडलेले, त्यात हा 'होऊन जाऊ द्या की' म्हणणाऱ्यांतला. "पोरगं म्हणजे हिरा हाय. माझ्या शेजारी गादीवर बसवलं त्याला. आपल्या घरात तसलं काई न्हाई."

तसलं जे काही होतं ते आदल्या सांजेलाच उरकलं होतं. धम्मपालची सायकल गल्लीबाहेर गेली न गेली तोच सरजाबाई तांब्या घेऊन आली आणि तुळशीच्या डहाळीनं गोमूत्र शिंपडत सुटली. उंबऱ्यावर, गादीवर, रिमोटवर, गेमवर. आणि आपला बन्सीधर काय म्हणाला? "माय, टीव्हीवर नको गं, बिघडंल." बस, एवढंच. टीव्ही वाचला. गेम आठवडाभर कसाबसा चालला आणि बंद पडला.

आता त्याच गादीपुढे धम्मपाल मांडी घालून बसला होता. त्यानं सोल्डरिंगचं तापलेलं टोक हिरवट पडलेल्या एका जोडाला टेकवलं मात्र, चर्र झालं, बारीक धूर निघाला आणि बैठकभर वास सुटला. ज्याच्या गल्लीत एक जरी गोठा आहे त्याला तो वास सांगावा लागत नाही.

धम्मपालचा हात तसाच राहिला. मग त्यानं चिमटा घेतला, कॅसेट बसते त्या फटीतून काहीतरी ओढून काढलं आणि खाली अंथरलेल्या पेपरवर ठेवलं. तुळशीचं पान होतं, वाळून काळं पडलेलं.

यानं आता शिवी द्यावी, गेम आदळावा, असं बन्सीधरला वाटलं. म्हणजे निदान आपल्यालाही काहीतरी बोलता येईल. पण धम्मपालनं रुमाल काढला, त्यावर स्पिरिट घेतलं आणि एकेक जोड पुसायला लागला. मागच्यासारखाच, सावकाश. मागच्या वेळी मधूनच "हे बघा भाऊ, हे असं असतंय" म्हणून दाखवत होता, तेवढं मात्र नाही.

"अगं, च्या टाक!" बन्सीधर उगाच मोठ्यानं आत बायकोला ओरडला. "अन् आपल्या नेहमीच्या कपात आण!"

बोलून गेला आणि त्यानं जीभ चावली. मेल्याहून मेल्यासारखं झालं त्याला.

"नको भाऊ," धम्मपाल मान वर न करता म्हणाला. "हात गुतलेत."

झाकण बसलं, वायर जोडली, कॅसेट घातली. पडद्यावर रंग आले, ती ओळखीची टुणटुण वाजली आणि बाहुलं कोपऱ्यात येऊन उभं राहिलं. धम्मपालनं पेपर पानासकट नीट घडी घालून बाजूला ठेवला, पिशवी भरली आणि चपला घातल्या.

बन्सीधर धडपडत उठला. "धम्मपाल, अरे... लय उपकार झाले बाबा तुझे. असा कसा जायलायस? बस की. एक डाव टाकू."

"तुमीच बघा खेळून," धम्मपाल उंबऱ्याबाहेरून म्हणाला. "या बारीला रिमोटला मी हात लावला न्हाई. शिंपडायचं काम न्हाई."

सायकल गेली. बन्सीधर परत येऊन टीव्हीसमोर बसला. रिमोट सकाळी त्यानं ठेवला होता तिथंच, गादीच्या कडेला पडला होता. त्याच्याकडे बघवेना, आणि दुसरीकडे कुठं बघावं तेही कळेना.

सरजाबाई पदर सावरत बाहेर आली आणि टीव्हीपुढे टेकली. त्या बाहुल्याचा घरात सगळ्यात जास्त लळा तिलाच. गेम बंद पडल्यापासून म्हातारीला करमलं नव्हतं.

"नीट झाला न्हाई का रे?"

"झाला."

"मग बसलास का नुसता?" ती म्हणाली. "हात लाव की त्याला."