कलाबाईचा जबाब

"आई, पहिल्या दिवशी उजेड झाला म्हणतंय शास्त्र. आणि सूर्य चौथ्या दिवशी. मग उजेड आला कुठून?"

कलाबाईचा झारा कढईवरच राहिला. कलबुर्गीला बी.एस्सी. करणाऱ्या तिच्या पोरीनं, प्रेमलानं, फोनवर हे विचारावं! शिकायला धाडली, तर पोर देवाचीच उलटतपासणी घ्यायलीय.

"उद्या सांगते," म्हणून तिनं फोन ठेवला.

मन्नाएखेळ्ळीच्या फाट्यावर कलाबाईचं चहा-भज्याचं दुकान. नवरा निंगप्पा जाऊन दोन वर्षं झाली. शास्त्र, म्हणजे बायबल, वाचायचं ते त्यानंच. त्याला माती दिल्यावर पुस्तक ट्रंकेत गेलं, आणि रविवारी हायवेवर गिऱ्हाईक जास्त म्हणून ख्रिस्ती मंडळीचं देऊळही सुटलं. पण पोरच हातची जायला लागल्यावर कसलं गिऱ्हाईक! तिनं ट्रंक उघडली, उत्पत्तीचा पहिला अध्याय बोट ठेवून वाचला आणि दुसऱ्या दिवशी फोन लावला.

"सूर्य ज्यानं केला, त्याला उजेडासाठी सूर्य कशाला लागतोय गं? लाईट गेली की मी कंदील लावते, तवा वायरमनला विचारते का?"

पलीकडं थोडं खाकरणं झालं. "बरं. पण माणूस माकडापासून झाला म्हणतेत."

"म्हणू दे! तुझा अप्पा स्वतः जेवायच्या आधी रस्त्यावरल्या भुकेल्याला ताट करायचा. माकड करतंय व्हय? देवानं आपल्या प्रतिरूपाचा केलाय माणूस."

कलाबाईला आता चेव आला होता. तिसरा सवाल मात्र वर्मी बसला.

"देवानं केलेलं सगळं चांगलं होतं ना? मग अप्पा कामून गेले?"

कलाबाईनं फोन ठेवला. रविवारी तिनं दुकानाला कुलूप ठोकलं, देवळाची पायरी चढली आणि उपासना झाल्यावर पाळक माणिकरावांना गाठलं.

"पोरीनं विचारलंय," ती म्हणाली.

पाळकांनी तिला शेजारी बसवलं. मरण पापाच्या मागनं जगात आलं, शेवटचा शत्रू तेच, आणि तेही नाहीसं होणार, असं त्यांनी शास्त्रातून काढून दाखवलं. कलाबाई ओक्साबोक्शी रडली. दोन वर्षांचं साठलेलं सगळं तिथं त्या बाकावर वाहून गेलं.

हे सगळं तिनं पोरीला सांगितलं.

"मला न्हाई पटत," प्रेमला म्हणाली. "पाळकसाहेबांना अजून विचार."

आणखी दोन रविवार कलाबाई विचारून आली. प्रेमलाचं आपलं एकच, न्हाई पटत. चौथ्या रविवारी मात्र आईनं पदर खोचला. आता फोन बस झाले. कान धरून देवळात नेते कार्टीला! तिनं पहिली बस धरली.

हॉस्टेलच्या दारात मैत्रीण भेटली. "प्रेमला? रविवारी ती कधीच सापडायची न्हाई, मावशी. सकाळीच कुठंतरी जाते."

कलाबाई तशीच मागं फिरली. आता परक्या गावात कुणाचा आधार? तिनं विचारत विचारत जवळचं देऊळ गाठलं. इथल्या पाळकांच्या पाया पडते, पण माझी पोर वाचवा म्हणते, असं ठरवून ती मागच्या बाकावर टेकली.

साक्षी चालल्या होत्या; देवानं आपल्यासाठी काय केलं ते एकेकजण उठून सांगत होता. पुढून डोक्यावर ओढणी घेतलेली एक मुलगी उठली.

"अप्पा गेल्यापासून माझी आई देवावर रुसली होती," प्रेमला म्हणाली. "लई समजावलं, ऐकेना. म्हणून मी अविश्वासाचं सोंग घेतलं. प्रभू त्या खोट्याची क्षमा करो. तीन रविवार झाले, आई देवळात जायलीय."