ऑरिनचा शेवटचा डबा

“ही बिअर म्हणजे दूध आहे, नासायच्या आत संपवा!” बिअरचे डबे घरी साठवणाऱ्या गिऱ्हाइकांवर, बिअर बनवून विकणारा माझा भाऊ ऑरिन खेकसायचा. ऐन थंडीत तो गेला. अमेरिकेच्या उत्तरेकडच्या आमच्या व्हर्माँटची जमीन तेव्हा गोठलेली, म्हणून दफन वसंतापर्यंत थांबलं. त्याच्या हातच्या गढूळ बिअरचा शेवटचा डबा त्याच्या बायकोनं, लवीनानं, फ्रिजमध्ये जपला. “लवीना, बिअर रोज मरतेय गं,” मी म्हणायचो. “आणि उघडली की संपलीच ना!” ती म्हणायची. आज त्याला माती दिली. घरी येताच तिनं डबा काढला, त्याच्यासारखाच हळूच उलटा करून गाळ हलवला आणि माझ्या ग्लासात थोडी बिअर ओतली. ताजी असताना संत्र्याच्या रसासारखी दिसणारी बिअर आता कोऱ्या चहासारखी निघाली. मी घोट घेतला. शिळ्या बिअरची, ओल्या पुठ्ठ्यासारखी चव! “खरं सांग, ऑरिनचीच लागतेय ना?” तिनं विचारलं. बिअरबाबत खोटं बोललेलं ऑरिनला खपत नसे. मी ग्लास रिकामा करून पुढे धरला. “अजून ओत.”