लाल दिव्याचा ब्रश

"अगं सिंधू, आटप लवकर! सहा दहाची गाडी आहे माझी," न्हाणीच्या दाराशी येरझाऱ्या घालत खैरे तिसऱ्यांदा ओरडला.

आत त्याची बायको त्याच्या ब्रशने दात घासत होती. डेपोने प्रत्येक ड्रायव्हरला असा ब्रश दिला होता. हिरड्यांवरून फिरताना तो रक्तातली साखर मोजायचा आणि आकडा थेट डेपोत पोचवायचा. हिरवा दिवा लागला तरच गाडी मिळायची. खैरेला मधुमेह होता, हिरड्या सुजलेल्या होत्या. काल आकडा दोनशे चाळीस आला, दिवा लाल झाला आणि तो दिवसभर घरी बसला. आज पुन्हा लाल म्हणजे स्टिअरिंग कायमचं सुटणार. म्हणून त्याने ब्रशला नवं डोकं लावून तो सिंधूच्या हातात दिला होता.

सिंधू बाहेर आली. दिवा लाल होता. आकडा तीनशे ऐंशी.

"हे कसं काय?" म्हणत खैरे आत डोकावला. बेसिनमध्ये गुलाबी फेस होता. "रक्त येतं तुला?"

"रोजच येतं."

"कधीपासून?"

"झाली असतील दोन-तीन वर्षं. तुमचंच एवढं चाललेलं, त्यात माझं कुठे सांगू?"

फोन वाजला. डेपोतले साहेब होते. "खैरे, तीनशे ऐंशी! आधी दवाखाना गाठा. तिथे तुमचं नाव कळवतो."

सिंधू हातानेच 'काही बोलू नका' म्हणत होती.

"निघालोच साहेब," खैरे म्हणाला, "पण नाव सिंधू खैरे कळवा."