मेमरी कोणती घ्यायची

धाकटा घरीच कॉम्प्युटर जोडत बसला होता. थोरल्याचा धंदाच कॉम्प्युटर दुरुस्तीचा; टेबलावरचा मेमरीचा खोका पाहून त्याला राहवलं नाही.

"ही रॅम ओव्हरक्लॉकिंगला टिकायची नाही. वेग वाढवलास की मशीन बंद पडेल."

"तुला कुणी विचारलंय?"

एवढ्यावरून जुंपली.

आई स्वयंपाकघरातून धावत आली, तोवर थोरल्यानं धाकट्याचं डोकं टेबलाच्या कडेवर आपटलं होतं. भुवई फुटून रक्त डोळ्यात उतरत होतं. धाकट्यानं तशातच कॅबिनेटचं पत्र्याचं झाकण उचलून भावाच्या तोंडावर हाणलं. थोरल्याचा दात फरशीवर पडला. तरी एकमेकांची गचांडी धरून दोघं ओरडतच होते.

"मला वेग हवाय, वेग!"

"अरे गाढवा, आधी मशीन चालू तर राहू दे!"

शेजारीण धापा टाकत आली. "काकू, जीव घेतील हो एकमेकांचा! पोलिसांना बोलावते."

आईनं शेजारणीच्या हातातला फोन घट्ट धरला.


"थांब गं जरा. त्यांचे बाबा गेल्यापासून दोन वर्षांत आज पहिल्यांदा बोलतायत एकमेकांशी."